नाव मात्र मी घेतलं नाही

२९ ऑगस्ट, शुक्रवार

चर्चमध्ये ऑर्गनच्या माळ्यावरचा दिवा बदलायला चढलो होतो. उतरताना एक गुपित घेऊन उतरलो. दिवा राहूनच गेला.

हंफ्री बील वर एकटाच बसला होता. वाजवत नव्हता. डावा हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत होता, दुसऱ्याच कुणाचा हात चुकून आपल्याकडे आला असावा तसा. हंफ्री आमचा ऑर्गनवादक. निवृत्त पोस्टमन, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. पण मासे धरायला एका काठावर बसणाऱ्यांत मानपान उरत नाही. म्हणाला, क्लाइव्ह, बस जरा. आणि सांगून टाकलं. कंपवात आहे. डावा हात ऐकेनासा झालाय. पाय अजून ठीक आहेत, म्हणाला, ऑर्गनचं पायांनी वाजवायचं पेडल एकही चुकत नाही.

त्याचं मागणं एवढंच. सुगीच्या उपासनेपर्यंत, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत, कुणाला कळता कामा नये. ती एक उपासना त्याला नेहमीसारखी वाजवायची आहे. मग शेवटच्या गीतानंतर तो स्वतः खाली येणार, मंडळींसमोर उभा राहणार आणि स्वतःच्या तोंडाने सांगणार. आधी कळलं तर लोक गाणं ऐकणार नाहीत रे, म्हणाला, हात ऐकतील.

मी शब्द दिला. माणूस त्याने योग्य निवडला. मी मुळात कमी बोलतो. दिवसभर पशुखाद्याच्या गोदामात पोत्यांशी संबंध, आणि पोती विश्वासू असतात.

सहलीचंही बघायचं आहे. तेरा तारखेला ब्लेचलीचं म्युझियम. युद्धात शत्रूचे गुप्त संदेश जिथे बसून उलगडले ती जागा. चर्चची वार्षिक सहल, आणि चर्चची व्यवस्था बघणारा वॉर्डन या नात्याने सगळी जबाबदारी माझी. गेल्या वर्षी आम्ही एक किल्ला बघायला गेलो होतो, तो बंद निघाला. यंदा काही चुकणार नाही.

संकल्प: तोंड बंद. आणि दिवा.

३० ऑगस्ट, शनिवार

लोर्नाला काहीही सांगितलेलं नाही.

न्याहारीला तिने विचारलं, एवढा गप्प का? मी म्हटलं, हंफ्रीचं काही नाही. ती म्हणाली, हंफ्रीचं कुणी विचारलं? मी म्हटलं, तेच तर सांगतोय. मग ती माझ्याकडे बघत राहिली. बायकोने असं बघत राहणं हा एक प्रकारचा छळ आहे. शेवटी मी एवढंच म्हणालो की डाव्या हातासारखी गोष्ट माणसाने गृहीत धरू नये. बाकीचं तिने स्वतः ओळखलं. तिचे वडील त्याच दुखण्याने गेले, त्यामुळे तिला ओळखायला वेळ लागला नाही. ओळखणं वेगळं आणि सांगणं वेगळं.

वर मलाच म्हणते, आता हे पुढे कुणाला बोलू नकोस. मी दुखावलो. म्हटलं, माझ्या पोटात गोष्ट राहते. म्हणाली, राहते, भाड्याने राहते, आठवडाभर.

१ सप्टेंबर, सोमवार

दोन दिवस अंगावर ओझं आहे. गोदामात एका माणसाला कोंबड्यांच्या दाण्याऐवजी मेंढ्यांचं खाद्य दिलं.

प्रार्थना केली. पण एकट्याची प्रार्थना मला या वेळी फार पातळ वाटली. हंफ्रीसारख्या माणसासाठी एकट्याने देवाकडे जाणं म्हणजे लग्नाला एकट्यानेच जाण्यासारखं आहे. तेव्हा आठवली साखळी. आमच्या चर्चची ही जुनी रीत आहे. कुणाचं दुखणं, कुणाची अडचण असली की साखळीतला पहिला दुसऱ्याला फोन करतो, दुसरा तिसऱ्याला, असा निरोप शेवटच्यापर्यंत जातो आणि वाटेत प्रत्येक जण प्रार्थना करतो. नाव घ्यायचं नाही. प्रश्न विचारायचे नाहीत. निरोप पोहोचला की शेवटच्याने पहिल्याला फोन करून 'साखळी पूर्ण' एवढंच म्हणायचं. पहिला मी.

मजकुरावर दुपारभर विचार केला. 'आपल्यातल्या एका माणसासाठी, ज्याच्या हातून देवाची सेवा घडते. त्याच्या हाताला बळ मिळो.' किती झाकलेलं आहे बघा. दुखणं नाही, गाव नाही, वय नाही. ब्लेचलीच्या पंडितांनाही फुटलं नसतं.

संध्याकाळी दुसऱ्या क्रमांकाला फोन केला. बेरिल हॅलम, वेदीवरची फुलं त्यांच्याकडे असतात. त्यांनी निरोप ऐकला, थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, अरेरे. पायांनी तरी वाजवता येतं का रे राजा अजून? नियमाप्रमाणे मी काहीच बोलायला नको होतं. पण म्हाताऱ्या बाईला रात्रभर काळजीत कशाला ठेवायचं? म्हटलं, पाय ठीक आहेत. तेवढंच. नाव मात्र घेतलं नाही.

मन हलकं झालं. देवाचे आभार.

४ सप्टेंबर, गुरुवार

गायनाच्या सरावाला बेरिलबाईंनी हंफ्रीसाठी मटण भरून भाजलेली पेस्ट्री आणली. शिवाय सफरचंदाचा गोड पदार्थ, शिवाय मोज्यांचा जोड. हंफ्रीने विचारलं, कशाबद्दल? त्या म्हणाल्या, ओव्हन तापलेलाच होता. मोजेही ओव्हनमध्येच झाले का, त्याने विचारलं. त्या डोळे पुसत बाहेर गेल्या.

डेस्मंड क्रो यांनी त्याची स्वरलिपीची पिशवी माळ्यापर्यंत वाहून नेली. डेस्मंड म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ. आयुष्यात त्यांनी कुणाची छत्रीसुद्धा धरलेली नाही.

कुणीतरी बोललेलं दिसतं. वाईट वाटलं. हंफ्रीने विश्वासाने एक गोष्ट सांगावी आणि गावात कुणाला ती जपता येऊ नये?

५ सप्टेंबर, शुक्रवार

शहानिशा करायची ठरवली. हंफ्रीने कदाचित आमच्या चर्चच्या धर्मगुरू, पाळकबाईंनाही सांगितलं असेल. तडक त्यांच्या घरी गेलो आणि सरळ विचारलं, रोझलिंडबाई, हंफ्रीच्या हाताबद्दल तुम्ही कुणाजवळ बोललात का?

त्या म्हणाल्या, हंफ्रीच्या हाताला काय झालंय?

चहा दिला त्यांनी. बरोबर बिस्किटंही होती. मी एकही घेतलं नाही, यावरून माझ्या मनःस्थितीची कल्पना यावी. निघताना पाळकबाई म्हणाल्या, क्लाइव्ह, तुम्ही हे आता इथेच थांबवाल ना? मी म्हटलं, माझ्याकडून सुरूच कुठे झालंय?

परतताना चर्चवरून आलो, पण आत गेलो नाही. दिवा उद्या.

७ सप्टेंबर, रविवार

लोक आज फार हळू गायले. आजाऱ्याच्या खोलीत गातात तसे. एरवी आमची मंडळी गाताना ऑर्गनच्या पुढे धावतात, हंफ्री मागून त्यांना गाठतो, आणि उपासना संपली की डेस्मंड माळ्याच्या पायऱ्यांशी उभे राहून तक्रार करतात की हंफ्रीनेच घाई केली. दर रविवारी. ईस्टरलासुद्धा. आज डेस्मंड पायऱ्यांशी गेले, हंफ्रीचा खांदा थोपटला आणि म्हणाले, सुंदर. फारच सुंदर.

हंफ्री बाहेर मला म्हणाला, डेस्मंडचं काही दुखतंय का रे? बघ बाबा, साखळीत घाल त्याला.

मी हसलो. हसू जरा लांबलं. मग एकदम थंडी वाजायला लागली. सप्टेंबर लागला की कोट बरोबर ठेवायला हवा.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

उद्या सहल. सगळं बारकाईने ठरलं आहे. बस साडेआठला. हंफ्रीशी कुणी वेगळं वागणार नाही, याची खबरदारी मी स्वतः घेणार. त्याला त्याचा दिवस मिळालाच पाहिजे. मागच्या बाकावर बसून पेपरमिंट चघळत ड्रायव्हरच्या वळणांना नावं ठेवणं हा त्याचा दरवर्षीचा आनंद आहे.

आज गुडघे टेकून एवढंच मागितलं की उद्या मला शहाणपण दे. बहुतेक मिळेल.

१३ सप्टेंबर, शनिवार, सकाळी, बसमध्ये

निघालो. दहा मिनिटं उशिरा, कारण प्रत्येक जण हंफ्रीला पुढच्या सीटवर बसवायला धडपडत होता. खिडकीजवळची, पाय पसरायला जागा असलेली. तो म्हणत होता, अरे, मला मागे बसायचंय. कुणी ऐकलं नाही. आता पुढे बसलाय, मांडीवर कुणाची तरी शाल. बाहेर बघतोय.

परिस्थिती हाताळणं गरजेचं होतं. ड्रायव्हरकडून माइक घेतला आणि सगळ्यांना विनंती केली की आजच्या दिवशी कुणीही कुणालाही विशेष वागणूक देऊ नये, सगळ्यांनी सगळ्यांशी अगदी नेहमीसारखं वागावं. नाव मात्र घेतलं नाही. सगळ्या माना हंफ्रीकडे वळल्या. लोर्नाने डोळे मिटून घेतले. तिला बस लागते.

तोच दिवस, दुपारी, म्युझियमच्या उपाहारगृहात

जागा छान आहे. जुनी हवेली, पुढे तळं, तळ्यात बदकं, आणि त्या लाकडी बराकी. आत साधी टेबलं, खुर्च्या, खुंटीला कोट टांगलेले, आत्ताच कुणी उठून गेल्यासारखे. मी गावच्या शाळेत शिकलेला माणूस, ती आकडेमोड माझ्या डोक्यावरून गेली. पण त्या खोल्यांत उभं राहिल्यावर रिकाम्या चर्चमध्ये वाटतं तसं वाटलं. मनापासून शांत वाटलं. थोडा वेळ.

आमची गाइड एक हसतमुख बाई होती. ती म्हणाली, इथे हजारो माणसं काम करत होती आणि युद्ध संपल्यावर वर्षानुवर्षं कुणी अवाक्षर काढलं नाही. घरच्यांनाही नाही. काहींचे आईवडील तर मुलगी युद्धात काय करत होती हे न कळताच वारले. बेरिलबाईंनी विचारलं, पण बाई, एवढं जमलं कसं त्यांना? गाइड म्हणाली, त्यांना सांगितलं होतं, बोलू नका. बस, एवढंच.

बरीच मंडळी माझ्याकडे बघत होती. वॉर्डनने आभार मानावेत अशी अपेक्षा असावी, म्हणून मी आभार मानले.

मग ती बिनतारी संदेश ऐकणाऱ्यांची गोष्ट सांगायला लागली. शत्रूचे लोक नावं बदलायचे, खुणा बदलायचे. पण रात्रंदिवस कानाला यंत्र लावून बसलेल्या पोरींना टकटक ऐकूनच कळायचं की हा अमुक माणूस. हाताची एक ढब असते म्हणे. नाव लपवता येतं, हात लपवता येत नाही.

का कोण जाणे, पण माझं सँडविच मी लोर्नाला देऊन टाकलं.

तोच दिवस, संध्याकाळी, घरी

चहाचं लिहायचं राहिलं. उपाहारगृहात हंफ्रीने कप उचलला आणि त्याच क्षणी तीन बाजूंनी तीन हात मदतीला आले. सगळा चहा त्याच्या पँटवर. तो म्हणाला, माझ्या एका हातानेही एवढा सांडला नसता. आणि मग थांबला. आपण काय बोलून गेलो हे त्याच्या लक्षात आलं, आणि कुणालाच त्याचं नवल वाटलं नाही हेही लक्षात आलं. सगळ्यांनी एकदम बदकांबद्दल बोलायला सुरुवात केली.

त्यानंतर शत्रू ज्यावर गुप्त संदेश बनवायचा त्या यंत्राची एक नक्कल होती, कुणीही बसून कळा दाबून बघावं अशी. हंफ्री बसला. डावा हात थरथरला, नेम चुकला, मग एक अक्षर लागलं आणि वर छोटा दिवा पेटला. आमच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

एका अक्षराला टाळ्या. ज्या माणसाने गावातली सगळी लग्नं आणि सगळी मयतं वाजवली, त्याला.

हंफ्री उठला. एकेकाच्या तोंडाकडे बघत गेला, घराघरात टपाल टाकताना बघायचा तसा. शेवटी माझ्याकडे. मी चटकन बाहेर जाऊन बस आलीय का ते पाहिलं. बस यायला अजून अवकाश होता, त्यामुळे बराच वेळ पाहावं लागलं.

परतीच्या वाटेवर तो मागे, माझ्या शेजारी येऊन बसला. पेपरमिंट दिलं. एकही वळण नावाजलं नाही की त्याला नावं ठेवली नाहीत. गाव जवळ आल्यावर म्हणाला, क्लाइव्ह, बरं झालं आपल्या गावाला कुणी युद्धात घेतलं नाही. आपण पहिल्याच आठवड्यात हरलो असतो.

मी म्हटलं, कुणीतरी बोललेलं दिसतं.

तो म्हणाला, हं.

१४ सप्टेंबर, रविवार

सहल एकंदरीत यशस्वी. कुणी हरवलं नाही, म्युझियम उघडं होतं.

उपासनेत डेस्मंड पुन्हा म्हणाले, सुंदर. हंफ्रीने मान खाली घातली आणि पिशवी स्वतःच उचलून निघून गेला.

प्रभुभोजनाची प्रार्थना चालली होती तेव्हा माझ्या मनात एक वाक्य आलं. ते मी इथे लिहीत नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

साखळी परत आलेली नाही. एरवी दोन-तीन दिवसांत शेवटच्याचा फोन येतो. आता पंधरवडा उलटला. कोण आहे शेवटी, असा विचार करत गोदामात पोतं उचललं आणि तसाच उभा राहिलो.

ईस्टरनंतर शेवटची जागा रिकामी झाली होती. तिथे मीच माणूस सुचवला. मीच त्याला पटवलं. म्हटलं, तुला काही करावं लागत नाही, फक्त प्रार्थना आणि मला एक फोन.

हंफ्री.

पोतं पायावर पडलं. लागलं. बरं वाटलं लागल्यावर.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

हंफ्रीच्या आधीचे डेस्मंड. म्हणजे निरोप त्यांच्याकडे अडकलेला आहे. भेटायला गेलो. ते बागेत दुधीएवढ्या काकड्यांना पाणी घालत होते, सुगीच्या सजावटीसाठी.

म्हटलं, डेस्मंड, ती साखळी... तो निरोप पुढे नाही दिला तरी चालेल.

ते भडकले. म्हणाले, चालेल? अरे, दोन आठवडे रोज फोन उचलतोय मी आणि ठेवतोय. काय सांगू त्याला? हंफ्री, आपल्यातल्या एका माणसासाठी प्रार्थना कर, आणि तो माणूस तू? बायको म्हणते, तुम्ही झोपेत नंबर फिरवता. चाळीस वर्षं रेल्वेत काढली, एक गाडी वाटेत सोडली नाही मी, आणि तू माझ्या घरात देवाची गाडी अडकवून ठेवलीस!

मी म्हटलं, मी तर नाव घेतलं नव्हतं.

ते म्हणाले, क्लाइव्ह, आपल्या गावात हाताने देवाची सेवा करणारे आहेत किती? बेरिलची फुलं आणि हंफ्रीचा ऑर्गन. आणि बेरिलला तर तूच फोन केलास. शिवाय 'पाय ठीक आहेत'. फुलांना पाय लागतात का?

ते पाय साखळीतून इथवर चालत आले होते, हे मला माहीत नव्हतं.

शेवटी त्यांनी मुदत दिली. पुढच्या शनिवारपर्यंत तू स्वतः जाऊन सांग त्याला. नाहीतर मी फोन करणार. मला सुटका हवी.

सोपं आहे. उद्याच जातो.

२० सप्टेंबर, शनिवार

पाऊस.

२२ सप्टेंबर, सोमवार

गेलो होतो. हंफ्रीच्या दाराशी पोहोचलो तर आत पियानो चालला होता. सुगीचं शेवटचं गीत. डाव्या हाताची ओळ तो एकटीच घेत होता, पुन्हा पुन्हा, त्याच जागी अडखळून. थांबायचा. शिवी द्यायचा. पुन्हा पहिल्यापासून. एकदा ती ओळ शेवटपर्यंत नीट गेली, तेव्हा आत कुणीच नसताना तो मोठ्याने म्हणाला, अस्सं!

अशा वेळी व्यत्यय आणणं बरं नव्हे. दाराबाहेर उभा राहून त्याच्यासाठी प्रार्थना केली. ती मात्र पातळ वाटली नाही. मग लक्षात आलं की पहिल्या दिवशीही एवढंच पुरलं असतं.

घरी आलो.

२४ सप्टेंबर, बुधवार

पुन्हा गेलो. या वेळी दार वाजवलं. हंफ्री म्हणाला, ये, चहा टाकतो. आम्ही बसलो. बोललो. पाण्याची पातळी, मासे, सुगीला कुणाचा भोपळा मोठा. मी तीनदा 'हंफ्री' अशी सुरुवात केली आणि तिन्ही वेळा त्याने 'काय?' असं विचारून हात टेबलाखाली घेतला. माझ्यापासूनही हात लपवायला लागलाय.

शेवटी विचारलं, गीतांचे नंबर ठरले का? ते फळ्यावर लावायचं काम माझंच आहे आणि ते मागच्या आठवड्यातच ठरलेत. त्याने तरीही सगळे सांगितले, सावकाश. मी मान डोलावली.

लोर्ना म्हणाली, सांगितलंस? म्हटलं, जवळजवळ.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

विचारान्ती असं ठरवलं की न सांगणंच त्याच्या हिताचं आहे. परवा उपासना. आत्ता सांगून त्याचं मन कशाला बिघडवायचं? डेस्मंडही काही फोन करायचे नाहीत. बोलतात तसे, पण मनाने मऊ आहेत.

चर्चमध्ये दिवसभर सजावट. काकड्या, भोपळे, सफरचंदांच्या राशी, मध्यभागी गव्हाच्या पेंढीच्या आकाराचा पाव. फार प्रसन्न. माळ्याची शिडी भोपळ्यांमागे गेली आहे, त्यामुळे दिव्याचं नंतर.

२७ सप्टेंबर, शनिवार

जेवायला बसलो होतो. फोन वाजला. लोर्नाने उचलला, ऐकलं आणि माझ्यापुढे धरला.

हंफ्री होता. म्हणाला, क्लाइव्ह, साखळी पूर्ण. डेस्मंडचा फोन आला होता आत्ता. बिचारा रडत होता. मी निरोप ऐकला आणि प्रार्थना केली त्या माणसासाठी. कोण आहे ते विचारलं नाही. नियम आहे ना.

मी म्हटलं, हंफ्री.

तो म्हणाला, निरोपाच्या शेवटी असंही होतं की पाय ठीक आहेत. पायांचं मी जगात एकाच माणसाला बोललो होतो.

मग म्हणाला, उद्या लवकर ये, भोपळे पायऱ्यांवर ठेवलेत कुणीतरी, मला वर जाता येत नाही. आणि फोन ठेवला.

माझं ताट लोर्नाने झाकून ठेवलं. आज या वहीत संकल्प लिहीत नाही.

२८ सप्टेंबर, रविवार, सुगीची उपासना

लवकर गेलो. भोपळे हलवले, शिडी लावली, माळ्यावरचा दिवा बदलला. एवढ्याला दहा मिनिटंही लागली नाहीत.

हंफ्रीने छान वाजवलं. खरंच छान. पण कुणी ऐकलं का, मला माहीत नाही. सगळे वाट बघत होते. डाव्या हाताची ती जागा आली तेव्हा चर्चभर श्वास रोखले गेले, माझाही. ती जागा नीट गेली. सगळ्यांनी श्वास सोडला, तोही एकदम, आणि तो आवाज वर माळ्यापर्यंत गेला असणार.

शेवटच्या गीतानंतर तो ठरल्याप्रमाणे खाली आला. कोट घातला होता, केस विंचरले होते. वेदीपुढच्या सफरचंदांजवळ उभा राहिला. महिनाभर हे शब्द जुळवत होता तो. मासे धरताना त्याचे ओठ हलताना मी पाहिले होते. त्याने वर बघितलं. बेरिलबाईंचा रुमाल आधीच डोळ्यांना लागलेला. डेस्मंड बुटांकडे बघत होते. सगळ्यांचे चेहरे तयार होते, बातमी ऐकल्यानंतर करायचे चेहरे, आधीच करून ठेवलेले.

हंफ्री म्हणाला, मला एक सांगायचं होतं. थांबला. मग म्हणाला, पण ते तुमच्याकडे आधीच पोहोचलेलं दिसतंय. पोस्टात एवढी वर्षं काढली, एवढ्या वेगाने काही पोहोचलेलं पाहिलं नव्हतं. सफरचंदं जाताना घेऊन जा. सडतील.

आणि पुन्हा माळ्यावर गेला.

कुणाला काय करावं कळेना. मग डेस्मंड उठले, पायऱ्यांशी गेले आणि वर ओरडले, तिसरं गीत फार घाईत घेतलंस हंफ्री! वरून आवाज आला, तुम्हीच रेंगाळता, रेल्वेवाले! आज दिवसभरात तो हसला असेल तर तेवढाच.

दुपारी पाळकबाईंनी सांगितलं की साखळीचा क्रम बदलतोय. आता मी शेवटी. शेवटच्याला पुढे कुणाला सांगायचं नसतं, फक्त 'पूर्ण' म्हणायचं असतं. मी म्हटलं, ठीक आहे. हंफ्रीने सुचवलं का, असं विचारायचं होतं, पण विचारलं नाही.

संध्याकाळी कुलूप लावायला गेलो तर तो वर स्वरलिपी आवरत होता. मी चढलो. जे म्हणायचं ते म्हणालो, वाक्यं नीट लागली नाहीत. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, मजकूर बरा होता तुझा. हाताला बळ वगैरे. पाय नको होते.

मग आम्ही जरा वेळ नुसते बसलो, काठावर बसतो तसे. नव्या दिव्याच्या उजेडात त्याचा हात थरथरत होता, आणि आज त्याने तो लपवला नाही. बरं वाटलं. वाटलं, सगळं पूर्वीसारखं होईल. तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, क्लाइव्ह, गुरुवारी डॉक्टरांनी मला...

मी वाट बघत होतो. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं.

काही नाही, म्हणाला. आज गारठा पडणार बहुतेक.

घरी आलो. लोर्नाने विचारलं, काय म्हणाला हंफ्री?

मी म्हणालो, काही नाही.

आणि या वेळी ते खरं होतं.